कोंदणाआधी हिरा वाचावा

मराठी घरात सुटा हिरा दोन वाटांनी येतो. एक वाट पेढीवरून येते. पुडीत किंवा छोट्या डबीत खडा, सोबत प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र, आणि घरात साखरपुडा किंवा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आलेला. दुसरी वाट बँकेच्या लॉकरमधून येते. आजीच्या सात खड्यांच्या कुड्या, आत्याची झिजून सैल झालेली अंगठी, सासूबाईंची चमकी. आता कुणी घालत नाही म्हणून हे दागिने मोडायला काढले जातात आणि त्यांतले खडे सुटे होऊन हातात येतात. वाट कोणतीही असो, पुढचा प्रश्न एकच असतो: आता हा बसवायचा कशात?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे सहसा उलट्या टोकाकडून शोधले जाते. आधी मोबाइलवर एखाद्या अंगठीचे छायाचित्र आवडते. मग तोच घाट हवा असा आग्रह धरला जातो. आणि अगदी शेवटी, यात आमचा हिरा बसवून द्या, असे सांगितले जाते. प्रस्तुत पुस्तक या सवयीविरुद्ध लिहिलेले आहे, आणि म्हणूनच त्याची प्रस्तावना लिहिताना मला मनापासून आनंद होतो. कोंदण निवडण्याआधी हिरा वाचावा, आणि वाचताना त्याच्या तेजाआधी त्याची कमजोरी शोधावी, हा या पुस्तकाचा गाभा आहे. माझेही मत अनेक वर्षांपासून हेच आहे.

हिऱ्याला कमजोरी असते, हेच पुष्कळांना खरे वाटत नाही. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घणाने ठोकला तरी वाचतो, हा दाखला तुकोबांच्या अभंगामुळे घरोघरी पोचला आहे. अभंगात तो संतपणाच्या कसोटीसाठी येतो आणि तिथे त्याचे बळ कमी होत नाही. पण त्याला रत्नपरीक्षेचा नियम समजून कुणी खरोखर घण उचलला, तर खरा हिरासुद्धा फुटेल. कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे. फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये मांडलेल्या काठिण्यश्रेणीत हिरा दहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर आहे. त्याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या खनिजाने त्याच्यावर ओरखडा उठत नाही. मात्र हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्यांपैकी एकीच्या रोखाने नेमका घाव बसला, तर तो सपाट पृष्ठावर सरळ दुभंगतो. पैलू पाडणाऱ्या कारागिरांनी शतकानुशतके याच गुणाच्या आधारे मोठे खडे फोडून विभागले. बोटावर मात्र तोच गुण धोक्याचा ठरतो. ओट्याच्या ग्रॅनाइटवर, लोकलच्या दांड्यावर, गाडीच्या दारावर हात आपटतो तेव्हा घाव कोणत्या दिशेने बसेल हे आपल्या हातात नसते.

मग कमजोर जागा कोणत्या? पहिली म्हणजे खड्याची कंबर, बाजारात जिला गर्डल म्हणतात ती. वरचा भाग आणि खालचा निमुळता भाग जिथे मिळतात ती ही कड. काही खड्यांत ती पुरेशी जाड असते, तर काहींत धारेसारखी पातळ. पातळ कंबरेच्या खड्याला उघडे कोंदण दिले तर कड उडण्याची भीती कायम राहते. दुसरी जागा म्हणजे टोके. चौकोनी प्रिन्सेस कटचे चार कोपरे, पेअरचे एक टोक, मार्किसची दोन. या टोकांना इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे सोन्याचे टोपण मिळायलाच हवे. एमराल्ड कटचे कोपरे मुळातच कापलेले असतात, त्यामुळे तो या बाबतीत सुरक्षित. तिसरी जागा खड्याच्या आत असते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आतला तडा पृष्ठभागापर्यंत आलेला असेल, तर त्या जागी कोंदणाचे नख येता कामा नये, कारण नख दाबून बसवताना सगळा जोर तिथेच पडतो. याउलट कडेजवळचा निरुपद्रवी काळा ठिपका नखाखाली झाकता येतो. दोन्ही दोष कागदावर दोषच असतात. एक नखाखाली घ्यायचा आणि दुसऱ्यापासून नख दूर ठेवायचे, हा भेद कळण्यासाठी जडणाऱ्याच्या डोळ्याला भिंग लावून खडा फिरवून बघावा लागतो, आणि छायाचित्रावरून अंगठी पसंत करणाऱ्याला तो कधीच कळत नाही. मोठ्या खड्यांच्या प्रमाणपत्रावर या खुणांचा आराखडा काढलेला असतो. कितीतरी घरांत तो कागद तिजोरीत पडून राहतो आणि जडणाऱ्याच्या हातात जातच नाही.

आता तेजाकडे येऊ, कारण तिथेही एक घट्ट रुजलेली समजूत आहे. हिऱ्याला खालून उजेड मिळाला पाहिजे, म्हणून कोंदण मागून मोकळे हवे, असे पेढीवर हटकून ऐकू येते. चांगले पैलू पाडलेल्या गोल हिऱ्याचे काम मात्र असे चालत नाही. हिऱ्याचा वक्रीभवनांक 2.417 आहे, काचेपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे आत शिरलेला किरण पृष्ठाला सुमारे साडेचोवीस अंशांपेक्षा तिरका लागला की बाहेर न पडता पूर्णपणे परावर्तित होतो. वरून आलेला उजेड खालच्या पैलूंवर दोनदा उलटून वरूनच बाहेर यावा, अशी कोनांची बांधणी असते. बेल्जियमच्या हिरे घासणाऱ्या घराण्यातला तरुण अभियंता मार्सेल टॉल्कोव्स्की याने 1919 मध्ये या कोनांचे गणित प्रसिद्ध केले. वरच्या पैलूंना साडेचौतीस अंश, खालच्यांना पावणेएकेचाळीस. आजच्या गोल ब्रिलियंटची बांधणी अजूनही या आकड्यांच्या आसपासच असते.

मग मागची बाजू मोकळी कशासाठी हवी? धुण्यासाठी. हिऱ्याला पाणी चिकटत नाही, पण तेल फार लवकर चिकटते. खाणीत माती-दगडांतून हिरे वेगळे करण्यासाठी ग्रीस लावलेली टेबले वापरत, ती याच गुणामुळे. खालच्या पैलूंवर साबणाचा, क्रीमचा, कणकेचा, अंगच्या तेलाचा थर बसला की हिऱ्याबाहेर हवा राहत नाही, तेल येते. मग किरण उलटण्यासाठी साडेचोवीसऐवजी सुमारे अडतीस अंशांचा तिरकेपणा लागतो, आणि जे किरण वर यायचे ते खालून गळून जातात. हिरा जुना झाला, त्याचे पाणी गेले, असे आपण म्हणतो त्या बहुतेक वेळी फक्त खालची बाजू तेलकट झालेली असते. कोमट पाणी, भांडी घासायचे सौम्य द्रावण आणि मऊ ब्रश एवढ्याने ते तेज परत येते, अट एवढीच की कोंदणाने ब्रशला वाट ठेवलेली असावी. शुक्रासाठी हिरा धारण करणारे लोक खडा कातडीला टेकला पाहिजे असे सांगतात. श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. पण कातडीला टेकणारा खडा सर्वांत लवकर तेलकट होतो, तेव्हा अशा अंगठीची सफाई आठवड्याला करावी लागेल, हे घेतानाच ठाऊक असावे.

हे सारे गणित पैलूदार हिऱ्याचे. आपल्या जुन्या दागिन्यांतले खडे निराळ्या विचाराने घडलेले आहेत, आणि पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच आहे. पोलकी म्हणजे जेमतेम पैलू पाडलेला चपटा हिरा. त्यात किरण उलटवणारे खोल कोन नसतात. उजेड वरून शिरतो आणि खालून निघून जातो. म्हणून कुंदनकामात खड्याखाली चकचकीत वर्ख घालतात. हा वर्ख म्हणजे डांक. निघून चाललेला उजेड डांक परत पाठवतो. पोकळ घाटात लाख भरलेली असते, तिच्यावर डांक, डांकेवर खडा, आणि खड्याभोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी हत्याराने दाबत दाबत बसवलेली. विस्तव न लावता केवळ दाबाने ते सोने एकजीव होते, कारण ते चोवीस कॅरेटचे, अगदी मऊ असते. यात हीण मिसळले तर कुंदन बसणारच नाही. बंद कोंदणात खड्याची मागची बाजू सीलबंद असते. ती धुवायची गरज नाही, आणि धुवायचीही नाही. पाणी आत शिरले की डांक काळवंडते आणि खडा डोळ्यादेखत मरतो.

आता विचार करा. असा बंद कोंदणातला खडा घरातल्या कुणी हौसेने सोडवून घेतला आणि आजच्या पद्धतीच्या उघड्या अंगठीत बसवला, तर काय दिसेल? काचेच्या तुकड्यासारखा आरपार दिसणारा, निस्तेज खडा. मग सोनाराने हिरा बदलला असा संशय येतो. वर्षानुवर्षांच्या विश्वासाचे संबंध अशा संशयाने तुटतात. खडा तोच असतो. त्याची डांक गेलेली असते. म्हणून जुना दागिना मोडण्याआधी त्यातला एक खडा कारागिराकडून उघडून घ्यावा आणि मागची बाजू पाहावी. खाली निमुळता, खोल, पैलूदार असेल तर त्याला उघडे कोंदण मानवेल. सपाट असेल तर त्याला बंदच ठेवावे. नव्या घाटात हवा असेल तर नवे बंद कोंदण करावे, डांक बदलावी. सपाट तळाच्या रोज कट खड्यांनाही हाच न्याय. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत हिरे मागून बंद, खाली वर्ख घातलेल्या कोंदणांत बसवत. आपलीच रीत जुनाट होती असे मानण्याचे कारण नाही.

खडा एका कोंदणासाठी घडलेला आणि पाहणारा दुसऱ्याच अपेक्षेचा, यातून काय होते त्याचे सर्वांत मोठे उदाहरण कोहिनूर. रणजितसिंहांच्या बाजूबंदात तो दोन हिऱ्यांच्या मधोमध बसत असे आणि पाहणारे थक्क होत. 1851 मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात तोच हिरा मांडला, तर लोक निराश होऊन परतले. त्यांना ब्रिलियंटची लखलख हवी होती आणि मोगली पद्धतीने पैलू पाडलेल्या खड्यात ती नव्हती. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या कोस्टर पेढीच्या कारागिरांना बोलावून तो पुन्हा कापला गेला. सुमारे 186 कॅरेटचा हिरा 105.6 कॅरेटवर आला.

आपल्याला जवळची गोष्ट नासकची. नाशिकच्या नावाने जगभर ओळखला जाणारा, त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडला जाणारा हा हिरा 1818 मध्ये पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा त्याचे वजन नव्वद कॅरेटच्या आसपास होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला एमराल्ड कट दिला आणि वजन उरले 43.38 कॅरेट. निम्म्याहून अधिक नासक धूळ होऊन गेला. प्रत्येक नव्या मालकाने आपल्या काळाच्या रुचीप्रमाणे खडा बदलला, आणि प्रत्येक वेळी जे गेले ते परत येण्यासारखे नव्हते. मूठ, बाजूबंद, अंगठी, हार ही सारी कोंदणे पुन्हा घडवता येतात. हिरा पुन्हा वाढवता येत नाही. म्हणून आपल्या अर्ध्या कॅरेटच्या खड्यापुरतेही मी ठामपणे सांगेन: कोंदणात बसावा म्हणून खडा घासू नका. ‘थोडी कड घासली की या तयार अंगठीत बसेल’ असे कुणी सुचवले, तर खडा पुडीत बांधून घेऊन दुसऱ्या पेढीची पायरी चढा.

नखांच्या कोंदणाचे, म्हणजे प्रॉन्ग सेटिंगचे, आजचे रूप न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने 1886 मध्ये प्रचारात आणले. सहा बारीक नखांनी हिरा अंगठीच्या पट्टीपासून वर उचलून धरला, आणि एकट्या हिऱ्याची अंगठी म्हणजे कशी, याची कल्पनाच त्यानंतर बदलली. आजही बहुतेक लोक याच कोंदणाकडे जातात आणि बहुतेक गोल खड्यांना ते शोभतेही. चार नखे की सहा, हा वाद पेढीवर रंगतो. चार नखांत खडा अधिक उघडा दिसतो आणि काहीसा चौकोनी भासतो. सहांत तो गोल दिसतो. माझा कौल सहांच्या बाजूने आहे, आणि तो दिसण्यावरून नाही. चारांपैकी एक नख झिजून उघडले तर खडा पडायला वेळ लागत नाही. सहांपैकी एक गेले तरी उरलेली पाच त्याला धरून ठेवण्याची शक्यता पुष्कळ असते. नखे झिजतातच. लोकरीच्या शालीत किंवा साडीच्या जरीत अंगठी अडकू लागली, कानाजवळ धरून हलवली असता टिकटिक आली, की ती त्याच दिवशी बोटातून काढावी.

दुसरे मोठे घराणे म्हणजे बेझल. खड्याच्या कंबरेभोवती सोन्याची अखंड कडा. पातळ कंबरेच्या, कडेला बारीकसा टवका उडालेल्या, कामाच्या हातात जाणाऱ्या हिऱ्याला याहून चांगला आश्रय नाही. बेझलमुळे हिरा झाकला जातो आणि लहान दिसतो, अशी तक्रार असते. कुशल कारागिराने कडा पातळ व उतरती ठेवली तर सोन्याची चमक खड्याच्या कडेला जाऊन मिळते आणि खडा उलट मोठा भासतो. मात्र बेझलमध्ये सोन्याचा रंग खड्यात सर्वांत जास्त उतरतो, आणि तिथून प्रश्न धातूकडे जातो.

बावीस कॅरेटच्या खाली सोने घ्यायचे नाही, हा आपल्याकडचा घरंदाज नियम आहे. पाटल्या, तोडे, मोहनमाळ यांच्यासाठी तो रास्त आहे. नखांच्या कोंदणासाठी तो नुकसानीचा आहे. बावीस कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोने असते आणि त्याची बारीक नखे वाकतात. अठरा कॅरेटमध्ये 75 टक्के सोने आणि उरलेले तांबे, चांदी, जस्त यांसारखे धातू असतात. या मिश्रणामुळेच नख खड्याला धरून राहते. ज्या मऊपणावर कुंदनाची सारी कला उभी आहे, तोच मऊपणा प्रॉन्गमध्ये खडा गमावण्याचे कारण होतो. बावीस कॅरेटचाच आग्रह असेल, तर जाड कडेचे बेझल करावे. अठरा कॅरेटला कमी दर्जाचे समजून नाक मुरडण्यात अर्थ नाही. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक त्यालाही असतो, आणि तो पाहूनच दागिना घ्यावा.

रंगाचा हिशेब असा. अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या श्रेणीत रंगहीन हिरा डीपासून सुरू होतो आणि झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो. डी, ई, एफ रंगाच्या हिऱ्याचे जास्तीचे पैसे मोजायचे आणि तो पिवळ्या सोन्याच्या बेझलमध्ये बसवायचा, हा शुद्ध अपव्यय. सोन्याची झाक त्यात उतरतेच. त्याला प्लॅटिनम किंवा पांढरे सोने द्यावे. के, एल रंगाचा, किंचित उबदार झाक असलेला हिरा प्लॅटिनममध्ये पिवळा दिसतो, आणि पिवळ्या सोन्यात तीच झाक दिसेनाशी होते. जुन्या कुड्यांतल्या खड्यांना बहुधा अशी झाक असते आणि म्हणून पिवळे सोनेच त्यांचे. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो काही वर्षांत उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. काही पांढऱ्या सोन्यात निकेल असते आणि ते काहींच्या त्वचेला सोसत नाही. प्लॅटिनम जड व महाग, पण त्याला ओरखडा पडला तरी धातू फारसा झडत नाही, जागच्या जागी सरकतो. नखांसाठी हा गुण मोठा आहे.

हॅलो, पावे, चॅनल आणि टेन्शन या चार प्रकारांविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण पुस्तकात त्यांची चित्रांसह सविस्तर चर्चा आहे. हॅलोमध्ये मुख्य खड्याभोवती बारीक हिऱ्यांचे कडे असते. लहान खडा त्यात भरदार दिसतो, पण भोवतालचे बारीक हिरे त्याच्याहून पांढरे निघाले तर मधल्याचा पिवळेपणा उठून दिसतो. पावेमध्ये खड्यांच्या बाजूच्या सोन्यातूनच कोरणीने बारीक मणी उचलून त्यांनी खडे पकडलेले असतात. दिसायला सुंदर आणि दुरुस्तीला कटकटीचे. अशी अंगठी लहानमोठी करताना पट्टी वाकली की मणी सैल होतात. पट्टीला चहूबाजूंनी हिरे असतील, तर माप बदलता येतच नाही. चॅनलमध्ये दोन भिंतींच्या मध्ये खडे ओळीने बसतात. कपड्यात काही अडकत नाही, हा त्याचा गुण. टेन्शनमध्ये धातूच्या ताणावर हिरा अधांतरी धरलेला दिसतो. वारशाने आलेल्या खड्यासाठी मी तो कुणालाही सुचवणार नाही.

यानंतर हात. हिऱ्याइतकाच हातही वाचावा लागतो. रोज कणीक मळणारा, तान्ह्या बाळाला अंघोळ घालणारा, रुग्णालयात दिवसभर हातमोजे चढवणारा, प्रयोगशाळेत किंवा यंत्रावर काम करणारा हात उंच उचललेली सहा नखे सांभाळू शकत नाही. त्या हाताला बुटके बेझल द्यावे, नाहीतर हिरा अंगठीत घालूच नये. आपल्याकडे यासाठी किती जागा आहेत! मंगळसूत्राचे पदक, कानातल्या कुड्या, नाकातली चमकी. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी घेतलेला 128.48 कॅरेटचा ‘स्टार ऑफ द साउथ’ हा ब्राझीलचा हिरा आणि त्याखालचा ‘इंग्लिश ड्रेस्डन’, दोन्ही हारात बसवलेले होते. एवढ्या वजनाचे खडे गळ्याशीच शोभतात हे खरे, आणि गळ्याशी खडा कशावर आपटत नाही हेही तितकेच खरे. छोट्या खड्यालाही तोच लाभ मिळतो. आणखी एक साधी गोष्ट. अंगठीचे माप भर थंडीत सकाळी घेऊ नये आणि उन्हाळ्याच्या दुपारीही घेऊ नये, कारण बोट आकसते आणि फुगते. माप सैल राहिले की वरून जड असलेली अंगठी फिरून हिरा शेजारच्या बोटावर घासतो. पुण्यात माप देऊन टोरांटोत घालायची अंगठी असेल, तर हे विशेष लक्षात ठेवावे.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी आहे ती सांगतो. जगात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांतले बहुसंख्य सुरतेत घडतात. त्यांचा व्यापार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधून चालतो. अंगठी झवेरी बाजाराच्या एखाद्या माडीवर किंवा अंधेरीच्या सीप्झमध्ये तयार होते, आणि ती विकणारी पेढी डोंबिवलीत, सांगलीत किंवा पणजीत असते. खडा एकाने घडवला, घाट दुसऱ्याने काढला, ओतकाम तिसऱ्याने केले, जडण चौथ्याने. पेढीच्या काउंटरवरचा माणूस बहुधा यांतले एकही काम स्वतः करत नाही. मोठ्या प्रमाणावरच्या कामात तर मेणाच्या साच्यातच बारीक खडे बसवून त्यावर वितळलेले सोने ओततात, त्यामुळे जडणाऱ्याचा हात खड्याला लागतही नाही. बारीक हिऱ्यांसाठी ते ठीक आहे. घरातल्या एकुलत्या एका हिऱ्यासाठी ठीक नाही. हिरा आणि कोंदण यांना एकत्र पाहणारा माणूस या साखळीत कुठेच उरलेला नाही, आणि ती जागा ग्राहकाने स्वतः भरून काढावी, एवढे ज्ञान त्याला मराठीत मिळावे, यासाठी हे पुस्तक आहे.

पंचतंत्रात या विषयाला लागून एक न्यायाची गोष्ट आहे. सोन्यात शोभणारे रत्न कुणी कथलात बसवले, तर रत्न रडत नाही आणि शोभायचेही थांबत नाही, दोष जडवणाऱ्याच्या माथी जातो. मी त्यात आजच्या काळासाठी एवढीच भर घालीन, की जडवून घेणाराही त्या दोषाचा वाटेकरी आहे.

लेखकाशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे. कारखान्यात वाढवलेल्या हिऱ्यांसाठी हलके, स्वस्त कोंदण पुरे, असे त्यांनी सुचवले आहे. असा हिराही कार्बनचाच, तितकाच कठीण आणि तितकाच दुभंगणारा असतो. त्याची बाजारातली किंमत कमी म्हणून त्याची पकड सैल ठेवावी, हे मला पटत नाही. ज्याने तो बोटात घातला, त्याच्यासाठी तो हरवणे हे हरवणेच आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. खडा सुटा आहे तोवरच त्याची प्रतवारी आणि वजन करून घ्या, कारण एकदा कोंदणात बसला की त्याचे वजन अचूक काढता येत नाही आणि मोठ्या प्रयोगशाळा जडवलेल्या हिऱ्याला पूर्ण प्रमाणपत्र देत नाहीत. पेढीवर देताना मिलिमीटरमधली मापे, दोन दशांश स्थळांपर्यंत वजन, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि कंबरेवर लेझरने कोरलेला आकडा असेल तर तोही पावतीवर लिहून घ्या. परत घेताना तो भिंगाखाली ताडून पाहा. जडणाऱ्या कारागिराची भेट मागा, त्याला प्रमाणपत्रावरचा आराखडा दाखवा, आणि नखे कुठे येणार हे त्याच्याच तोंडून ऐका. घडणावळीवर घासाघीस करू नका. लाखाच्या खड्यामागे जडणकामाची मजुरी काही हजारांची असते, आणि तो खडा रात्रंदिवस धरून ठेवण्याचे काम त्या मजुरीतूनच होते.